मोगरा, ग्वाल्हेर

धंद्याला नाव देणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या सासऱ्यांना ते काम करताना पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे, अगदी पुढच्या रांगेत बसून, आणि मधूनमधून रंगमंचावर चढूनसुद्धा. त्या नाटकात पुढे एक मेलेला माणूस बोलू लागला. पण ते नंतर. आधी मंडळींची ओळख करून देते.

मी साताऱ्याकडची. मॅट्रिक झालेली, इंग्रजी बऱ्यापैकी, आणि तोंडाची फटकळ म्हणून जरा लांबच्याच स्थळी दिलेली. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा संस्थान नुकतंच मध्यभारतात विलीन झालं होतं. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातली आमची वस्ती, तिथली निम्मी मराठी घरं अशा खात्यांत नोकरीला होती, जी खाती आता कुठेच नव्हती. माणसं सकाळी पगडी घालून तयार व्हायची, आणि जायचं कुठे हे न सुचून पुन्हा बसायची. संध्याकाळी बाड्यावर, म्हणजे मोठ्या चौकात, भेटली की एकमेकांना जुन्या हुद्द्यांनीच हाक मारायची. "बक्षीसाहेब, येऊन राहिले का?" "चला, दारोगा, आलोच." बक्षीगिरी नव्हती, दारोगाई नव्हती, हाका मात्र ऐकू येत होत्या. नव्या सुनेला पहिल्या महिन्यात घाबरायला एवढं पुरे होतं.

यातले दारोगा म्हणजे माझे मामंजी. दरबारच्या फरासखान्यावर त्यांची हुकमत होती. तंबू, कनाती, जाजमं, चांदवे, सगळं त्या खात्याकडे. खातं मोडलं तेव्हा जुने तंबू लिलावात निघाले, आणि मामंजींनी आपलेच तंबू विकत घेतले. लग्नामुंजींना भाड्याने द्यायचे, असा बेत. सासूबाई पूर्वीच गेल्या होत्या. हे, म्हणजे माझे यजमान, बिर्लानगरच्या कापड गिरणीत कारकून होते, भोंग्याबरोबर जात आणि भोंग्याबरोबर येत. तेव्हा धंद्यात मामंजींची भागीदार कोण, तर इंग्रजी येणारी सून.

मामंजींना प्रत्येक तंबूचा पूर्वेतिहास पाठ होता. कोणत्या चांदव्याखाली कोणता पाहुणा बसला, कोणत्या कनातीमागे कोण रडत उभं होतं. गोदामात ते तंबूंशी बोलत असावेत असा मला दाट संशय होता. एकदा मी आत गेले तर म्हणाले, "हळू. हा झोपला आहे." मी हळूच बाहेर आले.

तर नाव. दारावरच्या पाटीचं नाव ठरायला वेळ लागला नाही, ते लांबलचक आणि भारदस्त होतं आणि कोणी वाचत नसे. खरा प्रश्न होता तारेच्या पत्त्याचा. आताच्या मुलांना सांगायला हवं की तेव्हा धंद्याचं घाईचं काम तारेने चाले, आणि तारेत पत्त्याचा प्रत्येक शब्द विकत पडे. म्हणून तारघरात वर्षाची फी भरून आपल्यापुरता एकच शब्द नोंदवता येई. तो शब्द आणि गावाचं नाव, बस्स. कलकत्त्याहून कुणी तेवढंच लिहिलं तरी तार तुमच्या दारात. एका तारघरात एक शब्द एकालाच मिळे. ज्याने आधी घेतला त्याचा.

बाड्यावरच्या तारघरातले तारबाबू शिपाईगिरी केलेल्या मराठा घराण्यातले होते. त्यांचे आजोबा म्हणे मामंजींच्या आजोबांच्या तंबूवर पहारा देत. त्याचा हिशेब दोघे अजून चुकवत होते. मामंजींनी पहिलं नाव दिलं ते देवीच्या नावाने सुरू होऊन भांडारापर्यंत जाई. तारबाबू म्हणाले की दारोगासाहेब, ही तार नाही, ही वरात आहे. एक शब्द द्या, इंग्रजीत दहा अक्षरांच्या आत.

मग मामंजी रोज एक शब्द घेऊन जाऊ लागले आणि रोज परत येऊ लागले. मोती, माणिक, हिरा, पाचू सगळं सराफ्याने आधीच बळकावलेलं. कमळ एका साबणवाल्याकडे. सूर्य, चंद्र आणि तारा तिन्ही एकाच तेलवाल्याकडे. शेवटी दक्षिणेतलं मूळ गाव घालायचं ठरलं. तिथे मी पाय आडवा घातला. त्या नावात 'ळ' होता. मी यांना, मोलकरणीच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला आणि समोरच्या वकिलांना तो शब्द नुसता ऐकवून इंग्रजीत लिहायला सांगितला. तीन माणसांनी तीन गावं लिहिली. मामंजींनी तिन्ही कागद ओळीने मांडले. मग म्हणाले, "म्हणजे नाव आपल्याला आवडून भागत नाही. दुसऱ्याच्या हातून उतरलं पाहिजे." पुढे चांगलं नाव कसं असावं यावर बरीच शहाणी माणसं बोललेली मी ऐकली, याहून जास्त कुणी काही सांगितलं नाही.

आणि एके दिवशी तारबाबूंनीच निरोप धाडला. एक शब्द मोकळा झाला आहे. एका अत्तरवाल्याचा होता, दुकान बंद झालं, फी कोणी भरली नाही. मोगरा. इंग्रजी पाच अक्षरं.

मी परीक्षा घेतली. तिघांनीही तेच लिहिलं. मामंजींनी तो शब्द चारदा उच्चारला, डोळे मिटून. उन्हाळ्यातली लग्नं, मांडवाला मोगऱ्याच्या माळा, सगळं त्यात होतं. तारबाबूंनी वर एक फुंकर मारली. म्हणाले, "दारोगासाहेब, काल तुमच्या कागदावर संस्थान होतं, आज मध्यभारत आहे, उद्या आणखी काही लिहाल. ह्या शब्दापुढे राज्य लिहावंच लागत नाही. मोगरा, ग्वाल्हेर. हे कोणी विलीन करू शकत नाही."

ज्या माणसाचं अख्खं खातं विलीन झालं होतं त्याला याहून गोड काय लागणार? फी भरली. पत्रिका छापल्या. तंबूंच्या झालरीवर, कनातींवर, हमालांच्या सदऱ्यांच्या पाठीवर, जिथे सुई शिरेल तिथे मोगरा शिवून घेतला. जुन्या ओळखीच्या सरदारांना, दिवाणांना, लांबलांबच्या पाहुण्यांना पत्रं गेली की आता आमचा तारेचा पत्ता हा. घर भाड्याने घेताना आपण विचारतो, आधी इथे कोण राहत होतं, का गेलं. ह्या शब्दाच्या बाबतीत आम्ही फक्त स्पेलिंग विचारलं.

उन्हाळा लागला. वकिलांच्या मुलीच्या लग्नाचे तंबू उभे राहिले त्या सुमाराला पहिली तार आली. मी वाचून दाखवली. गाव कन्नौज. मजकूर एवढाच: कुशल असल्यास कळवा. खाली एका अत्तराच्या भट्टीचा पत्ता, आणि तार जवाबी, म्हणजे उत्तराचे पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरलेले.

आता इथे माझ्या सासऱ्यांचा स्वभाव सांगायला हवा, नाही तर पुढचं कोणाला पटणार नाही. फरासखान्यात एक नियम होता. निरोप आला की पोच गेलीच पाहिजे. तंबू मिळेल की नाही, हत्ती आहेत की नाही, पाऊस पडतो की नाही, ते मागाहून. निरोप आणणारा माणूस पोच घेतल्याशिवाय दारातून हलला तर दारोग्याची नोकरी जाई. "आधी पोच, मग विचार," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. सकाळी दूधवाला येऊन गेला तरी त्याला मान तुकवून पोच मिळे. शिवाय त्यांनी स्वतःच पाऊणशे पत्रं धाडली होती. कुणी जुन्या ओळखीने क्षेम विचारत असणार, एवढंच त्यांना वाटलं. विचारणाऱ्याने उत्तराचे पैसेही भरले आहेत, म्हणजे माणूस खानदानी.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: पावलं. कुशल आहे. आपलं कळवावं. खाली सही, मोगरा.

तीन-चार दिवसांत दुसरी तार. मी फाडली, वाचली, आणि मामंजींसमोर तशीच उभी राहिले. त्यात होतं: देवाची कृपा. निघाले आहे.

इंग्रजीत 'निघाले' बाईने म्हटलं की बुवाने ते कळत नाही. पण मला कळलं. बाईला कळतं. देवाची कृपा असं तंबूवाल्याला कोणी तारेने कळवत नाही.

आम्ही दोघं तसेच तारघरात गेलो. तारबाबूंनी दोन्ही तारा पाहिल्या आणि चष्मा काढून पुसत बसले. मग जे होतं ते सांगितलं. अत्तरवाला दुकान सोडून गेला नव्हता. एका दुपारी दुकानातच, गादीवर बसल्या बसल्या संपला होता. बायको आणि मुलगे दुकान विकून माहेरगावी गेले. पुढच्या उन्हाळ्यात कन्नौजहून मोगऱ्याला तार आली. शब्द तेव्हा कुणाच्याच नावावर नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे परत गेली, पत्ता नोंदलेला नाही असा शेरा घेऊन. मग आणखी एक आली, तीही परत गेली. कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही. पत्ता अत्तराच्या भट्टीचा, अत्तरवाल्याचं काहीतरी असेल, असं म्हणून सोडून दिलं.

मामंजी म्हणाले की एवढं माहीत असून तुम्ही बोलला नाहीत. तारबाबू म्हणाले की दारोगासाहेब, तुम्ही नाव मागितलं, मी नाव दिलं. माणूस तुम्ही विचारला कुठे?

घरी परतताना तांग्यात मामंजी एकच वाक्य बोलले. "म्हणजे मी मेलेल्या माणसाच्या वतीने कुशल कळवलं."

त्यानंतरची दुपार मी कधी विसरणार नाही, आणि खरं सांगते, तिला विनोदी म्हणावं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला थांबवायचं होतं. मी तारेचे मसुदे करत होते, मामंजी फाडत होते. येऊ नये, मोगरा: म्हणजे तो जिवंत आहे आणि त्याला ती नको आहे. आधीचा माणूस वारला, मोगरा: म्हणजे मेलेला आपल्या सहीने आपलं मरण कळवतो आहे. सहीत आमचं नाव घातलं तर ती विचारणार, हे कोण? त्या शब्दातून आम्ही काहीही बोललो तरी तोंड त्याचंच होत होतं. शेवटी हे गिरणीतून आले, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "पण ती तर निघाली आहे ना? तार घ्यायला तिथे आहे कोण?" यांचा हा गुण होता. फार थोडं बोलत आणि त्याने कोणाचंच बरं होत नसे.

मग आम्ही वाट पाहत बसलो. गोदामाच्या अर्ध्या भागात घडी केलेले तंबू उंचच उंच रचलेले, त्यांच्यापुढे जाजमावर मामंजी, दाराकडे तोंड करून. दारासमोर तांगा थांबला की ते पगडी सारखी करत. वकिलांच्या घरून लग्नातल्या माळा उतरवून तंबू परत आले होते, आणि त्या कापडाला मोगऱ्याचा वास असा काही बसला होता की जाईना. मी कनाती उन्हात टाकल्या, झटकल्या, तरी वास होताच. हमाल म्हणाले, बहुरानी, लग्नाचा आहे. असेल. पण मी तेव्हापासून गोदामात एकटी जायची बंद झाले.

ती आली ती आमच्याच जाहिरातीमुळे. स्टेशनावर तिने मोगरा कुठे म्हणून विचारलं, तर पहिल्याच तांगेवाल्याने सांगितलं, बसा. सगळ्या लष्करला आता मोगरा माहीत होता. त्याने तिला आमच्या दारात उतरवलं. चाळिशीची, सावळी, पांढऱ्या लुगड्यातली, हात उघडे. तिने मान वर करून पाटी पाहिली. मग आत पाहिलं. अत्तराच्या कुप्या शोधत तिची नजर तंबूंच्या राशींवरून फिरली आणि मामंजींवर येऊन थांबली.

मी तिला पाणी दिलं, बसवलं. तिने आमच्यावर ओरडावं असं मला वाटत होतं. ते सोपं गेलं असतं. ती शांतपणे हिंदीत सांगत राहिली. भट्टी तिच्या वडिलांची. अत्तरवाला दर उन्हाळ्यात माल घ्यायला येई आणि हंगाम संपेपर्यंत राही. बाकीचं आम्ही समजायचं होतं, आम्ही समजलो. ग्वाल्हेरचं घर तिने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. हा एक शब्द दिला होता, इथे कळव, मी येतो. आणि येई. इतका सुटसुटीत पत्ता की त्यात माणूस लपून बसला तरी कळू नये. मग एका वर्षी आला नाही. तिने तार केली, परत आली. पुन्हा केली, परत आली. तेव्हा तिने आपल्या मनाशी जे समजायचं ते समजून हातातल्या बांगड्या काढल्या. यंदा हंगामाची पहिली फुलं भट्टीवर आली आणि राहवलं नाही, म्हणून पुन्हा तार केली. आणि ह्या वेळी उत्तर आलं.

तिने पदराखालून कागदाची पुडी काढून जाजमावर ठेवली. हिरव्या काचेच्या बांगड्या. वाटेत फिरोजाबादला घेतलेल्या.

"मैं लड़ने नहीं आई, बाबूजी," ती म्हणाली. "बस इतना बता दो, पहनूँ कि न पहनूँ।"

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरची पगडी उतरवली आणि मांडीवर घेतली. मी त्यांचं डोकं तोवर उघडं पाहिलं नव्हतं. लहान होतं, गोरं, कपाळावर पगडीचा लाल वळ. दरबारात म्हणे मृत्यूची वर्दी तोंडाने देत नसत. मला हे मागाहून कळलं. तिला कोणी सांगावं लागलं नाही.

तिने पुडी माझ्यापुढे सरकवली. तू घाल, म्हणाली, घरात माघारी नेणार नाही. मी मामंजींकडे पाहिलं. विधवेने दिलेल्या बांगड्या, नवी सून, जुनं घर. मी हो-ना ऐकायला तयार होते. त्यांनी फक्त मान हलवली. घातल्या.

तिला जेवायला वाढलं. जेवताना मामंजी म्हणाले की हे नाव मी उद्याच सोडतो. तारघरात जाऊन रद्द करतो, झालरी उसवतो, दुसरा शब्द घेतो. ते खरंच सोडणार होते. मला त्यांचा आवाज माहीत होता. ज्या शब्दाला कोणी विलीन करू शकत नाही असं सांगितलं होतं, तोच.

ती एकदम ताठ झाली. "मत छोड़ना। छोड़ोगे तो मेरा तार फिर लौट आएगा।" मग हलक्याने: "लौट आता है तो लगता है किसी ने दरवाज़े से धक्का दे दिया। आप रख लो। मैं साल में एक भेजूँगी। आप ले लेना। बस, जवाब मत देना, बाबूजी।"

पोच देणं हाच ज्याचा धर्म, त्याच्याकडून तिने पोच न देण्याचं वचन मागितलं होतं, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. मामंजींनी पानातला भात एका बाजूला घेतला, परत दुसऱ्या बाजूला घेतला. शेवटी म्हणाले, "ठीक है।"

दर उन्हाळ्यात तार येऊ लागली. जवाबी नाही, साधी. यंदा फूल कमी. यंदा पाऊस लवकर, फूल भिजलं. वडील गेले, भट्टी मी बघते. एवढंच. मामंजी सही करून घेत, मी वाचून दाखवी, आणि त्यांचा उजवा हात आपोआप दौतीकडे जाई. मग ते तो हात डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवत. दिवसभर ते कुणाशी नीट बोलत नसत. दूधवाल्यालाही त्या दिवशी पोच मिळत नसे.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला, आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांच्या कचेऱ्या सामान बांधून निघाल्या. त्या साली आमच्या तंबूंना क्षणाची उसंत नव्हती. लग्नांपेक्षा निरोपसमारंभ जास्त. दरबार पाहिलेल्या चांदव्यांखाली कारकून हार घालून घेत होते आणि रुमालाने डोळे पुसत होते, आणि त्यांच्या डोक्यावर झालरीला ओळीने मोगरा, मोगरा, मोगरा. छापील कागद पुन्हा बदलले. शब्द तोच राहिला. एका नव्या साहेबांनी सुचवलं की नाव काळाला धरून ठेवा, नवयुग वगैरे. मामंजी म्हणाले की ह्या नावावर दुसऱ्याचाही हक्क आहे. साहेबांना वाटलं, भागीदार असेल.

मामंजी गेले ते हिवाळ्यात. धंदा पुढे यांनी आणि मी चालवला. गिरणी सोडून हे तंबूंत आले आणि तिथेही कमीच बोलत. त्या वर्षीचा उन्हाळा आला, मोगरा बाजारात दिसू लागला, आणि तार आली. यंदा फूल चांगलं.

यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, बिचारीला कळवायला हवं, बाबा गेले म्हणून. तिला कळायला नको का? कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि पत्त्याच्या जागी भट्टीचा पत्ता लिहूही लागले. स्वभावच आहे घराण्याचा, आधी पोच.

मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"का?" म्हणाले.

"वचन तुमच्या बाबांनी दिलं आहे," मी म्हटलं. "ते गेले म्हणून मोडत नाही."

त्यांनी तो कागद घडी करून खिशात टाकला. मी तार बाकीच्या तारांवर ठेवली आणि गोदामात गेले, एकटी.